स्वतः लढलेला नेता युद्ध टाळतो, हे कितपत खरं?

पार्कचौक

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात याच विषयावर चर्चा ठेवली आहे. दोन बाजू पाडल्या. पहिल्या बैठकीत एका बाजूनं केनेडीचं नाव घेतलं, दुसरीनं हिटलरचं, आणि गाडी तिथंच रुतली. दोघंही लढलेले होते. एकानं युद्ध टाळलं, दुसऱ्यानं अख्खं जग पेटवलं. मग अनुभवाचा काही परिणाम होतो की नाही?

कट्ट्यावर बरीचशी मुलं सोलापुरातल्याच कॉलेजांतली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आहेत. इथं कच्चं काही सांगितलं तर ते तसंच त्यांच्या उत्तरपत्रिकेत उतरेल, म्हणून जाणकारांना विचारतेय. कुणी नीट मोजून पाहिलंय का? भारताची उदाहरणं कशी लावायची? आपल्या एकाही पंतप्रधानानं रणांगणावर बंदूक चालवलेली नाही, मग आपल्या बाबतीत हा प्रश्न उरतो तरी का?

भुईकोट

ताई, विषयाच्या नावातच एक गाठ आहे, ती आधी सोडवा. सैन्यात असणं वेगळं आणि गोळीबाराखाली असणं वेगळं. बहुतेक वाद या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे होतात.

मोजलंय, आणि चांगलं मोजलंय. मायकेल हॉरोविट्झ आणि ॲलन स्टॅम या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १८७५ ते २००४ या काळातल्या अडीच हजारांहून अधिक राष्ट्रप्रमुखांची पूर्वायुष्यं तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. लष्करी संघर्ष आणि युद्ध सुरू करण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणात आढळली? ज्यांनी सैन्यात नोकरी केली पण प्रत्यक्ष लढाई पाहिली नाही, त्यांच्यात. त्यांच्या जोडीला पूर्वाश्रमीचे सशस्त्र बंडखोर. म्हणजे तुमच्या कट्ट्यावर लढलेले आणि न लढलेले अशा दोनच रांगा केल्यात, तर सगळ्यांत महत्त्वाचा गट दोन्हींत विरघळून जातो.

असं का होत असावं? छावणीतलं प्रशिक्षण माणसाला शस्त्राची ओळख करून देतं, नकाशा वाचायला शिकवतं, सेनाधिकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला शिकवतं. सैन्य हे हातातलं साधन वाटू लागतं. पण कवायतीत तोफ ठरल्या वेळी पोचते, वायरलेस चालतो, जखमींचा आकडा पंच कागदावर लिहितो. खऱ्या लढाईत काय बिघडतं ते त्याला माहीत नसतं. कधीच गणवेश न घातलेला माणूस निदान स्वतःला अनभिज्ञ समजतो आणि विचारतो. अर्धवट जाणणारा विचारत नाही. ही कारणमीमांसा आहे, आकड्यांइतकी पक्की नाही, पण मला ती पटते.

बंडखोरांचं गणित निराळं. प्रचंड धोका पत्करून जे जिवंत राहिले आणि सत्तेवर पोचले, त्यांना धोका फळतो हाच धडा मिळालेला असतो. किम इल सुंग १९३० च्या दशकात जपान्यांविरुद्ध गनिमी लढाया लढला आणि २५ जून १९५० ला त्याच्या सैन्यानं दक्षिण कोरियात मुसंडी मारली.

दुसरा अभ्यास पीटर फीव्हर आणि ख्रिस्तोफर गेल्पी यांचा, फक्त अमेरिकेपुरता, १८१६ ते १९९२. राज्यकर्त्या वर्गात माजी सैनिकांचं प्रमाण जास्त असतं तेव्हा अमेरिका संघर्ष कमी वेळा सुरू करते, पण एकदा उतरली की बळ जास्त वापरते. दुसरा भाग लोक सांगायचं विसरतात. १९९१ चं आखाती युद्ध पाहा. थोरले बुश नौदलाचे वैमानिक, सप्टेंबर १९४४ मध्ये चिचिजिमाजवळ त्यांचं विमान पाडलं गेलं होतं. त्यांचे संयुक्त सेनाप्रमुख कॉलिन पॉवेल व्हिएतनाममध्ये लढलेले. पाच लाखांवर अमेरिकी सैन्य जमेपर्यंत थांबले, १७ जानेवारीपासून पाच आठवडे नुसते हवाई हल्ले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरून चढाई आणि शंभर तासांत युद्धबंदी. बगदादकडे गेले नाहीत. लढलेला माणूस शांततावादी होतो असं नाही, तो युद्ध वेगळ्या रीतीनं करतो.

सातरस्ता

आकडे मान्य. पण अडीच हजार नेत्यांच्या सरासरीनं एका माणसाचं वागणं सांगता येत नाही. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला आयझेनहॉवर घ्या. पहिल्या महायुद्धात तो गेटिसबर्गला रणगाड्यांच्या प्रशिक्षण तळावर होता, फ्रान्सला पोचायच्या आत युद्ध संपलं. गोळीबाराखाली तुकडी कधीच नेली नाही. वरच्या व्याख्येनं तो सर्वांत धोकादायक गटात बसतो. आणि त्यानं काय केलं? १९५३ मध्ये कोरियातली लढाई थांबवली, १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूमध्ये अडकलेल्या फ्रेंचांसाठी सैन्य धाडलं नाही, १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर चालून गेलेल्या ब्रिटन-फ्रान्सला माघार घ्यायला लावली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लाखो माणसं उतरवण्याची जबाबदारी ज्यानं पेलली, त्याला ‘अनुभव नाही’ म्हणून नोंदवणं कितपत बरोबर?

मला वाटतं खरा फरक किती अंतरावरून पाहिलं यात आहे.

क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आढळली, त्या ऑक्टोबर १९६२ च्या पेचात अमेरिकी बाजूला लढलेलीच माणसं बसली होती. केनेडीची गस्तीनौका ऑगस्ट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेनं मधोमध कापली, १३ पैकी २ खलाशी गेले. हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यानं जर्मनीवरच्या मोहिमांत स्वतः पुढच्या विमानातून नेतृत्व केलं होतं आणि मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळायचा बेत त्याचाच. संयुक्त सेनाप्रमुख मॅक्सवेल टेलर नॉर्मंडीत हवाई छत्रीनं उतरलेला. यातल्या लमे आणि टेलरनं क्युबावर बॉम्बफेकीचा आग्रह धरला, केनेडी अखेर नाकेबंदीवर थांबला. पलीकडे सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह. स्टालिनग्राडला राजकीय अधिकारी होता, वैमानिक मुलगा १९४३ मध्ये गेलेला. २६ ऑक्टोबरच्या पत्रात त्यानं केनेडीला लिहिलं की मी दोन युद्धांत होतो, युद्ध गावंच्या गावं तुडवत, मरण पेरत गेल्यावरच संपतं.

बॉम्बफेक्या विमानातल्या माणसानंही मरण पाहिलेलं असतं, आपली शेजारची विमानं पडताना पाहिलेली असतात. पण खाली काय झालं ते तो छायाचित्रात पाहतो. नौका बुडालेला माणूस भाजलेल्या सोबत्याला पोहत ओढून नेतो. दोन्ही लढाईचेच अनुभव, पण मनात राहतात ते वेगवेगळे.

तेव्हा तक्त्यात ‘लढला / नाही लढला’ एवढंच लिहू नका. पायदळ, तोफखाना, हवाई दल की रसद, आणि त्यानं ज्यांना हुकूम दिला त्यांतले किती त्याच्या डोळ्यांदेखत गेले, हेही लिहा.

हिटलरबद्दल एक. तो बव्हेरियन राखीव पायदळ रेजिमेंटचा निरोप्या होता, १९१६ मध्ये जखमी झाला, १९१८ मध्ये विषारी वायूच्या हल्ल्यात सापडला. अनुभव भरपूर. पण जर्मनी रणांगणावर हरली नाही, मागच्यांनी दगा दिला, असा अर्थ त्यानं त्यातून काढला. त्याच खंदकांतून ब्रिटनचा अँथनी ईडनही आला, पराक्रमाचं पदक घेऊन. त्याचे दोन भाऊ त्या युद्धात गेले. १९३८ मध्ये मात्र हिटलर युद्धाकडे निघाला होता आणि ईडन त्याला अडवा म्हणत होता. आणि हाच ईडन १९५६ मध्ये पंतप्रधान म्हणून सुएझवर चालून गेला, कारण इजिप्तच्या नासरमध्ये त्याला पुन्हा १९३० च्या दशकातला हुकूमशहा दिसला.

अक्कलकोटवेस

वरच्या दोघांचं नीट वाचलं. भारताचा प्रश्न मागे पडला, म्हणून त्याबद्दल लिहितो.

पंतप्रधान लढलेले नसले तरी प्रश्न उरतोच, फक्त तो दोन पायऱ्या खाली सरकतो. पंतप्रधान कुणाचं ऐकतो, आणि तो माणूस लढलेला आहे का?

१९६२ चं चीनशी झालेलं युद्ध हे यातलं सर्वांत वेदनादायक उदाहरण. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना ऑक्टोबरच्या सुरुवातीला चौथ्या कोअरची, म्हणजे तिथल्या मोठ्या सैन्यगटाची, सूत्रं दिली. त्यांची कारकीर्द बरीचशी सेना सेवा कोअरमधली, म्हणजे रसद-वाहतुकीची. युद्धात लढाऊ तुकडीचं नेतृत्व केलेलं नव्हतं. ईशान्य सीमेवरच्या थगला कड्यावरून चिन्यांना हटवायचं, असा दिल्लीचा हुकूम. सातवी ब्रिगेड नामकाचू नाल्याच्या काठी, चिनी वरच्या उतारावर. जवानांच्या अंगात उन्हाळी कपडे. रस्ता नाही, म्हणून शिधा आणि दारूगोळा हमालांच्या पाठीवरून किंवा विमानातून, आणि विमानातून टाकलेल्यातलं बरंच दरीत जायचं. ‘भुईकोट’ यांनी कवायतीबद्दल लिहिलं ना, तोच हा फरक: नकाशावर ब्रिगेड म्हणजे एक चौकोन, आणि तिथं प्रत्येक काडतूस कुणाच्या तरी पाठीवरून यायचं.

१० ऑक्टोबरला त्सेंगजाँगला चकमक झाली. कौल तेव्हा तिथं हजर होते. चिनी माणसं किती संख्येनं उतरतात आणि आपल्याकडे किती तोकडं आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ते तातडीनं दिल्लीला गेले. एका सकाळच्या गोळीबारानं जे कळलं ते आठवडाभराच्या बैठकांत कळलं नव्हतं. पण ११ तारखेच्या बैठकीतून निघालं एवढंच, की चढाई थांबवा आणि ब्रिगेड नाल्यावरच राहू द्या. ती मागच्या बळकट जागी आणली नाही. दोन दिवसांनी पंतप्रधानांचं चिन्यांना हुसकावण्याचं विधान वर्तमानपत्रांत छापून आलं. २० तारखेच्या पहाटे ब्रिगेड मोडली.

म्हणजे अनुभव आला, निर्णय थोडा हललाही, पण वेळ निघून गेली होती आणि जाहीर बोलून बसलेल्यांना मागे फिरता येईना. अनुभवाचा परिणाम मोजताना हेही लक्षात घ्यायला हवं.

आता १९६५. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, आपल्याच मातीतला माणूस, ४२ च्या चळवळीत भूमिगत राहिलेला, पण रणांगण न पाहिलेला. १ सप्टेंबरला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनाप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जन सिंग दुपारी भेटले, चव्हाणांनी विमानं वापरायला तिथल्या तिथं संमती दिली आणि संध्याकाळी पठाणकोटहून व्हॅम्पायर उडाली. त्या पहिल्याच संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली, जुनी विमानं होती. तरी निर्णय बरोबर होता, कारण छांब-अखनूरचा रस्ता गेला असता तर पलीकडचं सैन्य तुटलं असतं. अर्जन सिंग १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर लढलेले, पदक मिळवलेले. लढाईचा अनुभव त्यांच्याकडे होता, चव्हाणांकडे तो विश्वासानं आणि वेळेवर ऐकण्याची तयारी होती. समोर अयुब खान, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राहून आलेला लष्करशहा. त्याचं गृहीत होतं की काश्मीर उठेल आणि भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही. ६ सप्टेंबरला आपण लाहोरच्या बाजूला सीमा ओलांडली. खेमकरणजवळ असल उत्तरला त्यांचे पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या रानात रुतले आणि आपले रणगाडे उभ्या उसात दडून बसले होते. उसाच्या फडात चार हातांपलीकडचं दिसत नाही, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको.

माणेकशॉ यांचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आत्ताच. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात सितांगच्या लढाईत पोटात गोळ्या झेललेला माणूस एप्रिल १९७१ मध्ये इंदिरा गांधींना थांबा म्हणाला: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्र होतात, हिमालयातल्या खिंडी उघड्या असल्यानं चीनकडून धोका, सैन्य ठिकठिकाणी विखुरलेलं. हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलेलं. पंतप्रधानांनाही एप्रिलमध्ये फारशी घाई नव्हती असं मानणारे अभ्यासक आहेत, तेव्हा कट्ट्यावर सांगताना दोन्ही सांगा. थांबण्याचा फायदा डिसेंबरात दिसला: ३ ते १६ डिसेंबर, १४ दिवस.

आणि एक जुनं. उदगीर आपल्यापासून लांब नाही. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी तिथं गारद्यांच्या तोफांच्या जोरावर निजामाला नमवलं. त्याच वर्षी ते उत्तरेत गेले. सूरजमल जाट आणि मल्हारराव होळकर यांचा सल्ला होता की बायकामुलं, बुणगे आणि जड तोफा मागे ठेवा आणि गनिमी काव्यानं लढा. भाऊंच्या गाठीशी ताजा विजय होता तो मोकळ्या दख्खनच्या मैदानातला, जिथं मागून दाणावैरण येत होती. पानिपतावर अब्दालीनं तीच वाट तोडली आणि अडीच महिन्यांत छावणीची उपासमार झाली. अनुभव नव्हता म्हणून पानिपत झालं नाही. दुसऱ्या मुलखातला अनुभव इथं लागू होईल असं वाटलं, हे त्याचं एक मोठं कारण आहे.

पार्कचौक

तिघांचेही मनापासून आभार. नामकाचूचं वाचून बराच वेळ पुढं वाचवेना.

आता मुलांना तक्ता करायला बसवणार आहे. भारत-पाकिस्तान घेतले तर चालेल का? आणि कारगिल कुणाच्या नावावर लिहायचं?

भुईकोट

ताई, फक्त भारत-पाकिस्तान घेऊ नका, फसाल. पाकिस्तानचे लढलेले राज्यकर्ते म्हणजे अयुब, याह्या, झिया, मुशर्रफ. चौघंही लष्करशहा. भारतात तो रकाना सगळा कोरा. मग फरक अनुभवामुळे पडला की मत मागायला जावं न लागल्यामुळे, हे त्या तक्त्यातून कधीच सुटणार नाही. ब्रिटन, अमेरिका, इस्राएल जोडा, तिथं निवडून आलेले लढवय्ये आणि न लढलेले दोन्ही सापडतात.

एक ओळ म्हणजे एक नेता नाही, एक नेता आणि एक वर्ष. नेहरूंच्या १७ वर्षांच्या १७ ओळी होतील. नाहीतर सहा महिने टिकलेला आणि १७ वर्षं टिकलेला सारखे मोजले जातात. जास्त काळ सत्तेवर राहणाऱ्याच्या वाट्याला पेचही जास्त येतात.

संघर्षाची पायरी लिहिताना अभ्यासक वापरतात ती पाच टप्प्यांची पट्टी घ्या: १ काही नाही, २ धमकी, ३ बळाचं प्रदर्शन, ४ बळाचा वापर, ५ युद्ध. युद्ध म्हणायला रणांगणावरचे किमान १,००० मृत्यू ही रूढ अट आहे. कारगिल त्यात बसतं.

सगळ्यांत मोठी चूक पुढे होते. मुलं फक्त झालेली युद्धं लिहितात. न झालेली लिहायला लावा: १९८६-८७ चा ‘ब्रासटॅक्स’ हा भारताचा सीमेजवळचा मोठा युद्धसराव, डिसेंबर २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतरची ‘पराक्रम’ची जमवाजमव, १९६२ चा क्युबा. ‘पराक्रम’मध्ये चढाईच्या कोअर सीमेवर पोचायलाच तीन आठवड्यांच्या आसपास लागले, तोवर जगाचा दबाव सुरू झाला, आणि सैन्य दहा महिने तसंच उभं राहिलं. तिथं निर्णय नेत्याच्या अनुभवापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकानं जास्त ठरला. युद्ध टळलेली ओळ तक्त्यात नसेल, तर अनुभवी नेता युद्ध टाळतो की नाही हे पाहणार कसं?

कारगिलला दोन रकाने करा, ‘पदावर कोण’ आणि ‘निर्णय कुणाचा’. १९९९ च्या वसंतात पंतप्रधान नवाझ शरीफ होते, बेत सेनाप्रमुख मुशर्रफांच्या गटाचा. मुशर्रफ १९६५ मध्ये तोफखान्यात आणि १९७१ मध्ये कमांडोंमध्ये होते. म्हणजे अनुभवी माणसाचा धाडसी बेत. हिवाळ्यात रिकाम्या होणाऱ्या ठाण्यांवर बसायचं हे डावपेच म्हणून हुशारीचं होतं. चूक वरच्या मजल्यावर झाली: भारत एवढ्या ताकदीनं चढणार नाही आणि जग लगेच युद्धबंदी लादेल, हे गृहीत. तुकडी चालवण्याचा अनुभव समोरच्या देशाचं मन वाचायला शिकवत नाही. दुसऱ्या बाजूला वाजपेयी. लढलेले नाहीत, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही मर्यादा त्यांच्या सरकारनं हवाई दलालाही घातली आणि शेवटपर्यंत पाळली. तिची किंमत समोरून उभा कडा चढणाऱ्या पायदळानं मोजली, हेही मुलांना सांगा.

होटगीरोड

एक जोडी सुचवतो, कट्ट्याला उपयोगी पडेल. तुर्कस्तानातलं गॅलिपोली, १९१५. मोहिमेचा आग्रह चर्चिलचा. तो मलाकंदला आणि ओमदुरमानच्या घोडदळाच्या चढाईत लढून आलेला. पण त्या वसाहतींच्या लढाया, समोर किल्ल्याच्या तोफा आणि समुद्रात सुरुंग नसलेल्या. १८ मार्चला नुसत्या जहाजांनी सामुद्रधुनी फोडायचा प्रयत्न झाला, तीन युद्धनौका बुडाल्या. त्यानंतर उतरलेल्या पायदळात क्लेमंट ॲटली होता, तिथला सुव्लाचा किनारा रिकामा करताना अगदी शेवटच्या माणसांत. त्यानं चर्चिलला जन्मभर दोष दिला असता तर नवल नव्हतं. पण बेत मुळात योग्य होता, अंमल फसला, असंच तो पुढेही मानत राहिला. १९५० मध्ये पंतप्रधान म्हणून त्यानं कोरियात सैन्य पाठवलं, आणि त्याच डिसेंबरात अणुबॉम्बची भाषा ऐकून तडक वॉशिंग्टन गाठलं. समोर अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमन, १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तोफखान्याची बॅटरी चालवलेला. दोघांनी युद्ध कोरियाबाहेर जाऊ दिलं नाही. ते चीनवर न्यायचा हट्ट धरणारा कोरियातला सेनापती मॅकआर्थर या दोघांहून कितीतरी जास्त लढलेला होता, आणि एप्रिल १९५१ मध्ये ट्रुमननं त्याला घरी पाठवलं.

सातरस्ता

पार्कचौक ताई, तक्त्याला आणखी एक रकाना जोडा: निर्णयाच्या बैठकीत नेत्यानं कोणते प्रश्न विचारले. क्युबाच्या बाबतीत हे शोधता येतं, कारण केनेडीनं बऱ्याच बैठका ध्वनिमुद्रित केल्या होत्या आणि बाकीच्यांच्या नोंदी आहेत. १६ ऑक्टोबरला, पहिल्या दिवशी, तोही बॉम्बफेकीकडेच झुकलेला होता, हे लपवू नका. २१ तारखेला हल्ल्याचं नियोजन करणाऱ्या हवाई दलाच्या जनरल स्वीनीसमोर मुद्दा होता, की सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील का. सगळं सुरळीत झालं तर ठाऊक असलेल्यांपैकी फार तर ९० टक्के, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाकेबंदी जाहीर झाली.